सीदे म्हणजे सरळ

तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे आणि त्यात मी हलत नाही.

मागची जाळी हलते. मंडपाची झालर हलते. गोलपोस्टामागे झोपलेलं कुत्रं उठून अंग झाडतं. व्हिडिओ काढणाऱ्याचा हातसुद्धा हलतो. मी मात्र दोन्ही हात पसरून, गुडघ्यात किंचित वाकून असा उभा आहे, की एखाद्या मंडळानं यावं, हार घालावा आणि चौकाला माझं नाव द्यावं. चेंडू माझ्या उजव्या अंगाला खांब घासून आत जातो, आरडाओरड होते, व्हिडिओ संपतो.

हा व्हिडिओ न बघितलेला माणूस सोलापुरात नाही. आता, मी जरा वाढवून सांगतो हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, तेव्हा यातलं अर्धं वजा करा. अर्ध्या सोलापूरनं बघितला. उरलेल्या अर्ध्याला पहिल्या अर्ध्यानं सांगितला.

जिल्ह्याच्या कपची फायनल होती ती. लॉकडाऊन उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. आमच्या गावात फुटबॉल खेळतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आमच्या गावातल्यांनाही नसतं. कोल्हापूरचे लोक भेटले की विचारतात, "तुमच्याकडं बॉल कातड्याचा असतो की चादरीचा?" मैदान असं, की गवताचं पातं चुकून उगवलंच तर इकडंतिकडं बघून परत आत जावं. ऊन असं, की फक्कीनं आखलेली रेघ दुपारी दोनला पांढरी असायची आणि चारपर्यंत भाकरीसारखी खरपूस व्हायची. याच्यातलंही अर्धं वजा करा, पण उरलेल्या अर्ध्यात आम्ही नव्वद मिनिटं पळायचो.

मी गोलकीपर. म्हणजे पळायचो नाही. शाळेच्या ऑफिसात कारकून, दिवसभर बोनाफाइड आणि दाखले लिहायचे, संध्याकाळी ग्लोव्ह्ज घालून गोलात उभं राहायचं. संघ चालवायचे आमचे सर, निवृत्त पी.टी. शिक्षक. त्यांच्या हाताखाली संघ दोनदा फायनल हरला होता. कप त्यांनी फक्त दुसऱ्याच्या हातात बघितला होता. दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्यांचा आवाज अजून कानात येतो असं ते सांगायचे.

संघात मराठी बोलणारे आम्ही पाच. विणकर घरांतले तेलुगू बोलणारे तिघं, अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे दोघं, आणि एक दखनी, म्हणजे आमच्याकडची उर्दू, बोलणारा. एका सामन्यात उंच चेंडू बरोब्बर आमच्या गोलसमोर उतरत होता. मी ओरडलो, "माझा!" एक तेलुगू ओरडला, "नादी!" एक कन्नड ओरडला, "नंदू!" चौथा ओरडला, "मेरा!" चौघांनी एकच गोष्ट सांगितली आणि कुणीच कुणाचं ऐकलं नाही. चार कपाळं एकमेकांवर अशी आदळली, की शेजारच्या कारखान्यात सुट्टीचा भोंगा झाला समजून लोकांनी जेवणाचे डबे उघडले. त्या दिवशी डोक्याला बर्फ लावत बसलेल्या आम्हा चौघांसमोर सरांनी नियम केला.

"मैदानात मराठी. माझा म्हणजे माझा, उजवी म्हणजे उजवी, डावी म्हणजे डावी. घरी जाऊन संस्कृतात बोला, मला काय करायचंय!"

चौथा, "मेरा" म्हणणारा, तो आमचा स्टॉपर. गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. खेळातली जागा तीच त्याचं नाव होऊन बसली होती. गावात त्याला सगळे स्टॉपरच म्हणायचे. त्याची माझी गल्ली एक, शाळा एक, बाक एक. शाळेत मराठीत त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, हे आमच्या वडिलांनी मला मरेपर्यंत ऐकवलं. आवाज असा, की मैदानावरून त्यानं हाक मारली तर पार वळसंग गावात म्हशी माना वर करून बघायच्या. मी त्याच्याशी मराठीत बोलायचो, तो माझ्याशी दखनीत, आणि दोघांनाही ते कधी जाणवलं नाही. मला तो "फेकू" म्हणायचा. त्याच्यामुळं सगळा संघ म्हणायला लागला.

त्याच्या आईला मी खाला म्हणायचो. लहानपणी मी डाव्या हातानं जेवायचो. आमच्या घरी ओरडून झालं, हात बांधून झाला, काही उपयोग नाही. खालांनी एका ईदेत ते सोडवलं. समोर शीरकुर्म्याची वाटी, आणि डाव्या हातावर हलकीशी चापट. "सीदे हात से, बेटा. सीदे हात से." दखनीत सीदा हात म्हणजे उजवा, उलटा हात म्हणजे डावा. हे मला वयाच्या सहाव्या वर्षी कळलेलं आहे. नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं मला ते माहीत नव्हतं असं मी सांगणार आहे.

फायनल ज्यांच्याशी होती त्यांच्यात एक डावऱ्या पायाचा पोरगा होता. आम्ही त्याला डावराच म्हणायचो. तो आणि स्टॉपर एकाच गॅरेजमध्ये कामाला. एकाच जीपखाली दोघं पाठीवर पडून, एकजण पाना मागायचा, दुसरा द्यायचा. डावऱ्या पायाचे लोक पेनल्टी सहसा अंगावरून ओढून गोलकीपरच्या डावीकडं मारतात. हा कुठं मारतो ते मला माहीत करून घ्यायचं होतं. फायनलच्या दोन दिवस आधी चहाच्या टपरीवर मी स्टॉपरला धरलं.

"काय बे, तुझा तो डावरा पेनल्टी कुठं मारतो?"

"मेरे कू क्या पूछता? उसकू पूछ."

"तू रोज बघतोस की. जेवणाच्या सुट्टीत गॅरेजच्या शटरवर मारत बसतो म्हणं."

"देखता ऊं. पन बोलता नै."

"का? तू आमचा हायस की त्याचा?"

"मैदान में तुमारा. गॅरेज में उसका. मेरे भरोसे पे मेरे सामने मारता वो." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "कल मैं तेरी बात उसकू जाके बोल्या तो चलता क्या?"

"माझी बात? माझी बात तर मीच चार जणांना सांगतो, वर दोन वाढवून."

"वोइच बोलता ऊं," तो म्हणाला, आणि विषय संपला. मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला होता, पण तो मी राग म्हणूनच दाखवला.

फायनल एक-एक बरोबरीत सुटली. त्या नव्वद मिनिटांचं वर्णन मी लग्नात, मुंजीत, बाराव्याला, मागेल त्याला केलेलं आहे. त्यात मी एक चेंडू दातांनी अडवला असंही एक ठिकाण आहे. इथं ते नको. जादा वेळ संपला, स्कोअर काही हलला नाही, आणि पेनल्टी आल्या. दोन्ही संघांना पाच-पाच.

पहिली आमच्याकडून स्टॉपरनं मारली. जाळी फाटते की काय असं वाटलं. मग आमच्या एकानं आकाशात मारली, एकानं त्यांच्या गोलकीपरच्या पोटात मारली, बाकी दोन आत. पाचांपैकी तीन. त्यांच्या पहिल्या चारांपैकी तीन आत गेल्या आणि एक मी गुडघ्यानं अडवली. खरं तर गुडघा तिथं होता आणि चेंडू येऊन त्याला लागला. पण लोकांनी मला उचलायचं बाकी ठेवलं होतं. सरांकडं बघितलं तर ते मंडपाच्या खांबाला धरून उभे, डोळे मिटलेले.

त्यांची पाचवी मारायला डावरा आला. त्यानं घातली की कप गेला. मी अडवली की पुन्हा एकेक, पुन्हा आशा.

आमचे बाकीचे दहा जण मधल्या वर्तुळात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मी मनातल्या मनात डावीकडं झेप घ्यायचं ठरवलं होतं. डावऱ्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला, पंचांनी शिट्टी दिली, आणि तो धावायला लागला. त्याच क्षणी, दोन दिवसांपूर्वी जे सांगायला स्टॉपरनं नकार दिला होता, ते त्याच्या घशातून बाहेर पडलं.

"सीदे! फेकू, सीदे!"

ते त्यानं जाणूनबुजून सांगितलं नाही. चार पावलांत कप जाताना दिसला आणि त्याला राहवलं नाही, एवढंच. सरांचा नियम, शाळेतले मार्क, सगळं वर्तुळात राहिलं आणि तो त्याच्या आईच्या भाषेत ओरडला. आणि मी माझ्या आईच्या भाषेत ऐकलं. सीधं. सरळ. मधोमध. हलू नकोस.

मी हललो नाही.

खालांची चापट आठवायला मला एक सेकंद पुरला असता. चेंडूला अर्धाच लागला. जाळीतून तो काढायला वाकलो तेव्हा सगळं कळून चुकलं होतं. सीदे म्हणजे सीदे हात कू. उजवीकडं. त्यानं बरोब्बर सांगितलं होतं, आणि मी गेलो असतो तर चेंडू माझ्या पंजात होता.

हे आणखी एकाला कळलं होतं. त्यांच्या लोकांनी डावऱ्याला खांद्यावर घेतलं होतं, पण तो खाली उतरला आणि सरळ स्टॉपरकडं आला. मी जवळच होतो, ऐकलं.

"बोल दिया ना तू?"

स्टॉपर मोजा वर ओढत राहिला.

"शटर के सामने तू अकेला रहता था," डावरा म्हणाला. "हाक ऐकली, पण पळताना दिशा बदलता आली नाही, म्हणून तिथंच मारली. हा गेला असता तर?" माझ्याकडं हात करून तो निघून गेला. पाठीमागं ढोल वाजत होते, त्याच्याचसाठी.

मंडपाच्या मागं, पाण्याच्या जारजवळ आमचा संघ जमला तेव्हा व्हिडिओ आधीच आलेला होता. आमच्याच एकानं मोबाइल सरांच्या कानाला लावला.

"ऐका सर. ऐका काय म्हणतोय. सीदे, सीदे. सरळ उभा राहा म्हणतोय आपल्या गोलकीपरला! आणि बॉल कुठं? कोपऱ्यात. आणि दोघं कामाला कुठं? एकाच गॅरेजला."

स्टॉपर आधी हसला. त्याला ती चेष्टा वाटली. "अरे, सीदे मतलब सीदे हात कू! उजवीकडं!"

"मग उजवीकडं का नाही म्हणालास?" सर म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तेच वाईट होतं. "मराठी येत नाही का तुला? नियम काय आहे आपला?"

"येतं की सर. मुंह में जो आया वो आया. फेकू कू मालूम है." तो माझ्याकडं वळला. "बोल ना रे."

सर माझ्याकडं वळले. सगळेच वळले. "तू काय ऐकलंस?"

"सीदे."

"म्हणजे काय वाटलं तुला?"

"सरळ," मी म्हणालो. हे खरं होतं.

"तुला दखनी कळतं का?"

आता बघा, मी आयुष्यात हजारो थापा मारल्या. वळसंगच्या म्हशींपासून दातानं अडवलेल्या चेंडूपर्यंत. एकीनंही कुणाच्या घरचा दिवा विझला नाही. ही मात्र दोनच शब्दांची होती आणि मी ती इतक्या हळू आवाजात मारली, की कुणालाही ती खरीच वाटावी.

"फारसं नाही."

स्टॉपर अजून वाट बघत होता. मी पुढं हसणार, आणि म्हणणार, फेकतोय रे. माझी ती पद्धतच होती, आधी ताणायचं आणि मग सोडायचं. तो म्हणालासुद्धा, "फेकता है सर, आदत है इसकी." मग माझ्या तोंडाकडं बघत राहिला. जारचा नळ ठिबकत होता. कुणीतरी तो बंद केला. मी बुटाची नाडी सोडत होतो. ती आधीच सुटलेली होती.

त्यानं बूट उचलले, खांद्यावर टाकले आणि अनवाणी निघून गेला. त्या मैदानाच्या खड्यांवरून.

मग तो व्हिडिओ फिरला. आणि एकाच व्हिडिओचे दोन झाले. आमच्या गल्ल्यांत लोक ऐकायचे: "सरळ उभा राहा म्हणाला, फुटला होता." पलीकडच्या दखनी मोहल्ल्यात लोक ऐकायचे: "इतना साफ बोल्या, फिर ये हल्या क्यों नै? येइच फूट्या होंगा." तिकडं मी फितूर, इकडं तो. पण इकडचे लोक जास्त होते आणि संघ इकडच्यांचा होता. स्टॉपरनं पहिली पेनल्टी आत घातली होती, त्याचंही उत्तर निघालं: संशय येऊ नये म्हणून घातली. आणि मग ते वाक्य आलं, जे अशा वेळी आल्याशिवाय राहत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकानं दाखल्यावर शिक्का मारता मारता म्हटलं, "शेवटी ते तसलेच." मी तो दाखला घेतला, फुंकर मारून शाई वाळवली आणि पुढच्या टेबलावर दिला.

पुढच्या हंगामात सरांनी त्याला बोलावलं नाही. विचारलं तर म्हणाले, "त्याला जरा विश्रांती." गॅरेजमध्ये डावऱ्यानं त्याच्याबरोबर एका गाडीखाली झोपणं सोडलं, पाना मागायचा असेल तर उठून स्वतः घ्यायचा. एका बाजूला तो आम्हाला विकणारा, दुसऱ्या बाजूला डावऱ्याचं गुपित फोडणारा. दोन्ही ठिकाणी तोंड दाखवायची सोय उरली नाही. वर्ष व्हायच्या आत तो बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीला, कुर्डुवाडीला गेला. खाला जागेवरच राहिल्या. त्यांच्या घराचा पडदा पूर्वी दिवसभर बाजूला बांधलेला असायचा. आता सोडलेला असायचा. त्या ईदेला शीरकुर्मा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आला. शेजारची मुलगी वाटी देऊन गेली. खालांनी काय निरोप दिलाय विचारलं तर म्हणाली, "काही नाही, दे म्हणाल्या." मी तो खाल्ला. चव नेहमीसारखीच चांगली होती. यातलं काही वजा करू नका.

मी काय केलं? गोष्टी सांगितल्या. लोक मला फायनलबद्दल विचारायचे आणि मी रंगवायचो. एकदा सांगितलं, सूर्य डोळ्यांवर आला. एकदा सांगितलं, डावऱ्यानं पळता पळता मला डोळा मारला आणि मी लाजलो. एकदा त्या कुत्र्यानं माझी चड्डी दातांत धरली होती. लोक पोट धरून हसायचे. दर वेळी नवीन सांगायचो. त्या ढिगाऱ्याखाली तो एक शब्द पुरला जावा, त्याच्यापर्यंत कुणी पोचू नये, एवढ्यासाठी. मला वाटायचं ही माझी हुशारी आहे.

यंदा सरांची पंचाहत्तरी झाली. जुन्या खेळाडूंनी मंगल कार्यालय घेतलं, शाल, श्रीफळ, शेंगाची पोळी, सगळं. जेवणं व्हायच्या आधी कुणीतरी ओरडलं, "फेकू, फायनल होऊ दे!" माझ्या हातात माइक आला. आणि कसं कोण जाणे, मी खरं सांगितलं. पहिल्यापासून. टपरीवरचा नकार, ती हाक, खालांची चापट, सरांचा प्रश्न, माझं "फारसं नाही". सगळं. एकही शब्द न वाढवता. हॉल शांत झाला. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हे नवीन हाय की!"

आणि हॉल हसून कोसळला.

"मागच्या टायमाला कुत्र्यानं चड्डी धरली होती!"

"आरं, डोळा मारला होता, डोळा!"

"खरंच सांगतोय!" मी माइकमध्ये ओरडलो. "मला दखनी येतं! लहानपणापासून येतं!" आणि पुरावा म्हणून मी दखनीत बोलायला लागलो. "मेरे कू सब मालूम था, मैंइच झूट बोल्या, उसकी कुछ गलती नै." ते ऐकून तर लोक खुर्च्यांवरून घसरले. कुणी नक्कल करायला लागलं, "मेरे कू सब मालूम था." विणकर घरातल्या आमच्या एका जुन्या गड्यानं शिट्टी मारली आणि माझ्यापेक्षा झकास दखनीत मला दाद दिली. ती दखनी ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

याला येत होतं. तेलुगू बोलणाऱ्या तिघांनाही येत होतं, ते बाजारात दुसरं काय बोलतात? अक्कलकोटच्या दोघांना येत होतं. सोलापुरात रिक्षात बसलेला कुठला माणूस "सीदे हात कू लेऊं क्या?" ऐकून गोंधळतो? मंडपामागं पाण्याच्या जारजवळ आम्ही जेवढे उभे होतो, त्यांत त्या शब्दाचा अर्थ न कळणारा एकही नव्हता. हरल्याचं खापर फोडायला त्यांना कुणीतरी एकजण हवा होता. कोणता, तेही ठरलेलं होतं. फक्त माझ्या तोंडून "फारसं नाही" एवढं यायचं बाकी होतं, आणि ते मी दिलं.

सर हसून डोळे पुसत होते. पाया पडायला गेलो तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. "जुनं झालं रे," ते म्हणाले. "आता कुणाला काय फरक पडतो? जा, जेवून घे." मी त्यांच्याकडं बघितलं. ते हसत नव्हते. पंचाहत्तर वर्षं या गावात काढलेला माणूस. मी जेवलो नाही, हे सांगून माझी किंमत वाढेल असं वाटत असेल तर तेही सांगतो: जेवलो. दोन पोळ्या जास्तच.

त्यानंतरच्या रविवारी कुर्डुवाडीला गेलो. रेल्वे वर्कशॉपच्या बाजूच्या वस्तीत त्यानं दुचाकी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलंय, मागं राहायच्या दोन खोल्या. मला बघून तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "या. बसा."

मला वाटलं माझ्या मागं कोणी गिऱ्हाईक उभं आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"अरे, मी हाय बे."

"हो. ओळखलं. बसा ना, उन्हातून आलात." शाळेतली मराठी. मार्क मिळवणारी. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी तिच्यात बोलत होता, आणि तुम्ही म्हणत होता.

मी सांगायला लागलो. पंचाहत्तरी, माइक, सगळं. तो एक स्पार्क प्लग घासत ऐकत होता.

"सरांसमोर बोललात?"

"सगळ्यांसमोर."

"मग?"

"हसले."

त्यानं मान हलवली, जणू कुणी पावसाचा अंदाज सांगितला. "हसणारच."

"मी पुन्हा सांगीन. लिहून देतो. पाहिजे तर व्हिडिओ करून टाकतो."

"नको." प्लग त्यानं फडक्यावर ठेवला. "इथं कुणाला माहीत नाही मी खेळायचो ते. दुकानात येणाऱ्यांना नाही, शेजारी नाही. मुलीलासुद्धा नाही. ती लहान होती तेव्हा. तुम्ही तिकडं काहीही लिहा, माझं नाव घालू नका. आणि घरात हा विषय काढू नका. एवढं कराल?"

आतून त्याची मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. आठेक वर्षांची, दोन वेण्या, चेहरा हुबेहूब खालांचा. ट्रे ठेवून तिथंच उभी राहिली.

"काका, तुम्ही अब्बांना कसे ओळखता?"

"एका गल्लीत राहायचो."

"मग तुम्ही दोघं काय खेळायचा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मंडपामागं बघितलं होतं तसंच, माझ्या तोंडाकडं. फक्त यावेळी तो उलटं उत्तर येण्याची वाट बघत होता.

"मी खेळायचो फुटबॉल," मी म्हणालो. "तुझे अब्बा काही खेळायचे नाहीत. ते अभ्यास करायचे."

"एकदा पण नाही?"

"एकदा पण नाही."

तिनं बापाकडं बघितलं. तो पुन्हा प्लग घासत होता.

"बरं," ती म्हणाली, आणि मला साखर आणखी हवी का ते विचारलं.